आधी आपली मजुरी मांडा

एप्रिल-मे महिन्यात धडगाव-मोलगीच्या बाजूला गेलात तर पाड्यापाड्यावर एकच काम चाललेलं दिसतं. अंगणात, कौलांवर, खाटेवर, जुन्या लुगड्यावर कैरीच्या फोडी वाळत पडलेल्या असतात. बायका घोळका करून बसलेल्या, मांडीशी कैऱ्यांचा ढीग, हातात सुरी. साल काढायची, फोडी चिरायच्या, कोय बाजूला टाकायची. दिवस मावळेपर्यंत चिकाने बोटांची कातडी निघते. तीन-चार उन्हं खाल्ली की फोडीच्या कडा आत वळतात. ती पांढरट राहिली तर बरा भाव मिळतो. मध्येच वळवाची सर आली आणि फोड काळी पडली की व्यापारी ती हातात घेऊनच नाक मुरडतो.

हा आमचूर. नंदुरबारच्या सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा बायकांचा हा पिढीजात हंगामी धंदा. कच्चा माल, प्रक्रिया, साठवण, विक्री असं सगळं त्यात आहे. तरी यातल्या एखादीला विचारा, “ताई, तुम्ही काय करता?” उत्तर येतं, “काही नाही, घरीच असते.”

हा लेख त्या “घरीच असते” म्हणणाऱ्या ताईसाठी आहे. आणि तिची वही लिहिणाऱ्या मुलीसाठी, बचत गटाच्या सचिवासाठी, पाड्यावरच्या शाळेतल्या बाईंसाठीही आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. महाराष्ट्रातले सगळे आदिवासी एका मापाने मोजता येत नाहीत. २०११च्या जनगणनेप्रमाणे राज्याच्या लोकसंख्येत ते नऊ टक्क्यांहून थोडे अधिक. पण कातकरी बाई दिवाळीनंतर मुलाबाळांसकट वीटभट्टीवर जाते आणि तिचा गट सहा महिने बंद पडतो. गडचिरोलीतल्या गोंड बाईची ग्रामसभा तेंदूपानाचा लिलाव स्वतः करते. मेळघाटातली कोरकू बाई बांबूच्या राख्या करते आणि श्रावण उलटला की तो माल कुणी विचारत नाही. जव्हारची वारली पोरगी मुंबईच्या प्रदर्शनात चित्रं विकते. प्रत्येकीची अडचण वेगळी. तरीही यांच्यापैकी जिच्याशी हिशेबाला बसावं तिच्या वहीत एक रकाना हमखास रिकामा असतो. तो म्हणजे तिच्या स्वतःच्या मजुरीचा.

दहा किलो आमचुराचा हिशेब

चला, एकदा मांडूनच बघू. आकडे नमुन्यादाखल आहेत, तुम्ही तुमचे घाला.

साधारण शंभर किलो कैरीचा दहा किलो आमचूर होतो. कैरी उतरवायला एक दिवस. दोघींनी दोन दिवस सोललं-चिरलं, म्हणजे चार दिवस. वाळवणं, उलटणं, रात्री आत घेणं, कोंबड्या-शेळ्या हाकणं, सगळं मिळून एक दिवस धरू, खरं तर जास्तच होतो. बाजाराला जाऊन येण्यात एक दिवस. झाले सात दिवस. दिवसाची मजुरी काय धरायची? रोजगार हमीचा २०२५-२६ सालचा महाराष्ट्रातला दर ३१२ रुपये होता, तोच घ्या. सात दिवसांचे २,१८४ रुपये झाले. जीपचं जाण्यायेण्याचं भाडं १०० रुपये. एकूण २,२८४. म्हणजे किलोमागे २२८ रुपये खर्च पडला.

आता व्यापाऱ्याने समजा १५० रुपये किलो दिले. हातात १,५०० रुपये आले. घरी सगळे खूश, कारण कैरी झाडाचीच होती, “खर्च काहीच नाही”. प्रत्यक्षात सात दिवसांच्या कामाचे मिळाले १,४००, म्हणजे दिवसाला २००. रोजगार हमीवर गेली असती तर यापेक्षा जास्त मिळाले असते.

इथवर आलं की प्रशिक्षणाला आलेले साहेब म्हणतात, “मूल्यवर्धन करा! पावडर करा, पाकिटात भरा!” मलाही पूर्वी हे पटायचं. पण तेही मांडून बघा. दहा किलो आमचूर दळून, थोडी उधळण जाऊन, १०० ग्रॅमची ९७ पाकिटं होतात. पाकीट ४० रुपयांना विकलं तर ३,८८० रुपये. दुकानदार २५ टक्के ठेवून घेतो, म्हणजे ९७० गेले. पिशवी आणि लेबलचे मिळून पाकिटाला चार रुपये, म्हणजे ३९०. दळणाचे १५०. भरणं, तोलणं, सील करणं यात एक दिवस, ३१२. उरले २,०५८. आणि माल तयार व्हायलाच २,२८४ लागले होते. पाकिटावर छान चित्र आलं, गटाचा फोटोही छापून आला, आणि २२६ रुपये खिशातून गेले.

तेच पाकीट ५० रुपयांना गेलं तर दुकानदाराचे १,२१२ आणि बाकीचा सगळा खर्च वजा करून २,७८६ राहतात. खर्च भागून ५०० रुपये सुटतात. म्हणजे सगळा खेळ त्या दहा रुपयांत आहे, आणि वही नसेल तर तो दिसतच नाही. म्हणून पाकिटाची किंमत शेजारच्या गटाची बघून ठरवू नका. त्यांनीही बहुधा कुणाचीतरी बघूनच ठरवलेली असते.

लिहिता येत नसेल तर? कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. अकोले तालुक्यातल्या या महादेव कोळी शेतकरणीने गावरान बियाण्याची बँक उभी केली, वालाचे कितीतरी वाण जपले, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कुठलं बी कधीचं, कुणाकडून आलं, किती उगवलं हे सगळं त्यांना तोंडपाठ. असलं डोकं पाड्यावर चिक्कार आहे. आकडे मुलगी लिहील, पण काय लिहायचं ते तुम्ही सांगा. एका रेघेत तारीख, काय माल, किती वजन, किती दिवस लागले, किती पैसे आले. एवढ्या पाच गोष्टी पुरतात.

काटा आणि डबा

पहिलं भांडवल कशात घालू, असं मला विचारलं तर मी मशीन म्हणणार नाही. गटाचा स्वतःचा तोलकाटा घ्या म्हणेन. आठवडे बाजारात माल नेण्याआधी तो घरी तोला. बाजारात व्यापाऱ्याच्या काट्यावर फरक आला तर भांडू नका, नुसतं “घरी साडेबारा भरलं होतं” एवढं म्हणा. पुढच्या खेपेपासून फरक कमी होतो. हे मी दोन-तीन ठिकाणी डोळ्यांनी पाहिलं आहे.

दुसरी गोष्ट साठवणीची. मोहफूल घ्या. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली सडा पडतो, बाया-पोरं टोपल्या भरतात, वाळवतात, आणि हाताला पैसा नाही म्हणून लगेच विकून टाकतात. तेव्हा सगळ्यांचाच माल बाजारात असतो, म्हणून भाव पडलेला. पावसाळ्यात घरात गरज लागली की तोच मोह तीच बाई चढ्या भावाने विकत आणते. यात व्यापाऱ्याने काही जादू केलेली नसते. त्याच्याकडे कोरडी खोली आणि चार महिने थांबण्याची ऐपत असते, एवढंच. गटाने चार-पाच बंद झाकणाचे पिंप घेतले, फूल कडकडीत वाळवून भरलं, आणि गरजू बाईला गटाच्या बचतीतून थोडी उचल दिली, तर थांबण्याची ऐपत गटालाही येते. सगळा माल थांबवू नका. अर्धा विका, अर्धा ठेवा. पहिल्या वर्षी कीड लागली तर अर्धाच जाईल.

मोह खाण्याच्या पदार्थांसाठी विकायचा असेल तर झाडाखालचा पाचोळा जाळून मातीतून फुलं वेचू नका. झाडाखाली जाळी बांधा, फूल जमिनीला लागूच देऊ नका. लाडू, सरबत, मनुक्यासारखा वाळवलेला मोह यासाठी गिऱ्हाईक स्वच्छ फूलच मागतं आणि त्याचे जास्त पैसे मोजतं. मोह म्हटलं की शहरातल्या माणसाला दारूच आठवते, त्याला इलाज नाही. मोहफुलांच्या साठवणुकीवर आणि वाहतुकीवर पूर्वी दारूबंदी कायद्याचे जाचक निर्बंध होते, ते राज्य सरकारने २०२१ साली सैल केले.

वनोपज घेऊन जाताना नाक्यावर कुणी अडवलं तर घाबरून पैसे काढण्याआधी एक लक्षात ठेवा. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे. मोह, चारोळी, डिंक, मध, हिरडा, तेंदू आणि बांबूसुद्धा त्यात येतात. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २०११ साली बांबूचा वाहतूक परवाना आपल्या ग्रामसभेच्या हातात घेतला, तेव्हा देशभर बातमी झाली होती. तुमच्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर मालासोबत ग्रामसभेच्या समितीचा पास असू द्या. मिळाला नसेल तर त्याचा दावा लावणं हेही तुमच्या धंद्याचंच काम आहे, ते पुरुषांच्या बैठकीवर सोडून देऊ नका.

कागद

कागदांचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, म्हणून थोडक्यात.

आधार, बँकेचं स्वतःच्या नावाचं खातं, जमातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला. हे पाच एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स करून ठेवा. नावाचं स्पेलिंग पाचही ठिकाणी एकच आहे ना ते आज रात्री बघा. लग्नाआधीचं नाव एका कागदावर, नंतरचं दुसऱ्यावर, आणि आधारवर तिसरंच काहीतरी, यापायी जितके अर्ज परत येतात तितके दुसऱ्या कशापायी येत नसतील.

खायचा पदार्थ विकत असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी हवीच. लहान घरगुती उद्योगाला मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी चालते, आणि तिची सरकारी फी वर्षाला १०० रुपये आहे. पाकिटावर पदार्थाचं नाव, त्यात काय घातलं, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत चांगलं राहील, पत्ता, किंमत, शाकाहाराचा हिरवा ठिपका आणि नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक असावा. नागलीचे पापड कितीही झकास असले तरी एवढं नसेल तर शहरातला दुकानदार ते फळीवर ठेवत नाही.

लहान उद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी ऑनलाइन होते, आधारवर होते आणि फुकट होते. कुणी त्यासाठी हजार-दोन हजार मागितले तर उठून या. मालाची वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत आणि राज्यातल्या राज्यात असेल तर जीएसटीच्या भानगडीत सहसा पडावं लागत नाही.

कर्ज घेण्याआधी

इथे जरा थांबून वाचा, कारण मोडलेले धंदे मी मालापायी कमी आणि कर्जापायी जास्त पाहिले आहेत.

आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीच्या नावावर सहजी होत नाही. जमीन महसूल संहितेने तसं बांधून ठेवलं आहे आणि ते बरंच आहे, नाहीतर आज पालघर-ठाण्यात कुणाकडे काय उरलं असतं! पण याची दुसरी बाजू अशी की बँकेला ते तारण गोड लागत नाही. त्यातून जमीन बाईच्या नावावर नसतेच. हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, त्यामुळे लेकीचा वाटा बहुतेक ठिकाणी रूढीवर ठरतो, आणि रूढी सांगणारे पुरुषच असतात. वनहक्काच्या पट्ट्याचं मात्र वेगळं आहे. लग्न झालेल्यांना तो पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा असं कायद्यातच लिहिलं आहे. पेटीतून तो कागद काढा आणि तुमचं नाव त्यावर आहे का पाहा. नसेल तर वनहक्क समितीकडे लेखी अर्ज करा.

तारण नाही म्हणून कर्ज नाही, असं शाखेतले साहेब म्हणाले तर? लहान उद्योगाला निदान १० लाखांपर्यंत तरी तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचाच दंडक आहे. मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, त्यालाही तारण लागत नाही. मी एकदा एका ताईबरोबर एका शाखेत गेले होते. सकाळी साडेदहाला गेलो, दीडला नंबर लागला, आणि उत्तर मिळालं, “पुढच्या महिन्यात या.” ताई उठायला लागली. मी म्हटलं, “साहेब, नकार असेल तर कारण कागदावर द्या.” साहेबांनी पंखा वाढवला, पाणी मागवलं, आणि अर्ज ठेवून घेतला. कर्ज मिळायला त्यानंतरही दोन महिने लागले, पण अर्जावर पोच मिळाली होती. पोच घेतल्याशिवाय कुठलाही अर्ज देऊ नका.

कुठून घ्यावं? माझा क्रम असा आहे. आधी गटाची अंतर्गत बचत. मग ‘उमेद’ अभियानाच्या किंवा ‘माविम’च्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) गटामार्फत बँकेचं कर्ज. उमेदच्या गटांना तीन लाखांपर्यंत सात टक्क्यांनी मिळतं आणि वेळेवर फेड केली की पत वाढते. एकटीचा धंदा असेल तर शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाकडे आदिवासी महिला सशक्तीकरण योजनेची चौकशी करा. त्यात दोन लाखांपर्यंतच्या उद्योगाला ९० टक्के कर्ज चार टक्के व्याजाने देण्याची तरतूद आहे. इतकं स्वस्त कर्ज बाजारात नाही. मात्र उद्दिष्ट वर्षाला ठरलेलं असतं, म्हणून एप्रिल-मेमध्येच आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन विचारा, दिवाळीनंतर जाऊन उपयोग नाही.

मोठं काही करायचं असेल, म्हणजे भगर सडण्याचं युनिट, तेलघाणा, बांबूचा कारखाना, तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या आदिवासी महिलेला ३५ टक्के अनुदानाची तरतूद आहे आणि स्वतःचे फक्त पाच टक्के घालायचे असतात. पण हे नीट समजून घ्या. ते अनुदान हातात पडत नाही. ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं आणि धंदा चालू असेल तरच कर्जात वळतं होतं. “अनुदान मिळतंय म्हणून मशीन घेतलं” अशी वाक्यं मी खूप ऐकली आणि धूळ खात पडलेली मशीनंही तितकीच पाहिली. वीज दिवसातून किती तास असते? मशीन बिघडलं तर मेकॅनिक कुठून येणार? या दोन प्रश्नांची उत्तरं आधी, कोटेशन नंतर.

आणि सगळ्यात शेवटी, अगदीच नाइलाज झाला तर, दर आठवड्याला हप्ता गोळा करणाऱ्या खासगी कंपन्या. त्यांचा माणूस दारात येतो, कागद कमी मागतो, म्हणून ते सोपं वाटतं. ‘बारा टक्के’ म्हणाला तर विचारा, “फ्लॅट की घटत्या शिलकीवर?” ३०,००० रुपये वर्षासाठी बारा टक्के फ्लॅटने घेतले तर महिन्याला २,८०० रुपये भरता, एकूण ३३,६००. ऐकायला बारा, पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण ३०,००० वर चालू राहतं. खरा दर एकवीस टक्क्यांच्या पुढे जातो. शिवाय घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज काढायची वेळ आली असेल तर तिसरी दारात येण्याआधी गटात तोंड उघडा. लाजेने गप्प बसलेल्या बायकाच जास्त बुडतात.

तुमचा पैसा हंगामाचा आहे आणि हप्ता महिन्याचा, हा तिढा तर कायमचाच. आमचूर-मोहाचे पैसे मे महिन्यात येतात, पावसाळाभर काहीच नाही. कर्ज घेताना बँकेला स्पष्ट सांगा की हप्ता हंगामानंतर ठेवा. ऐकलं नाही तर मे महिन्यातच चार हप्त्यांचे पैसे वेगळे काढा आणि त्या खात्याला हात लावू नका, लग्नसराई असली तरी.

कुणाला विकायचं

आठवडे बाजार सोडू नका. तिथे रोख मिळतं. त्याबरोबर वर्षातून दोन-तीन प्रदर्शनं धरा. मुंबईचं महालक्ष्मी सरस मोठं असतं, गटांना जागा मिळते, गिऱ्हाईक चोखंदळ असतं. पण तिथला गल्ला बघून हुरळू नका. प्रवास, दोघींचं जेवणखाण, घरी मागे राहिलेल्या मुलांचं कोण बघणार, परत आणलेला माल, हे सगळं त्या वहीत उतरवा. प्रदर्शनातून घरी न्यायची खरी गोष्ट म्हणजे फोन नंबर. ज्या बाईने दोन किलो नागलीचं पीठ नेलं तिला पुढच्या महिन्यात फोन करा. अशी चाळीस घरं बांधली गेली की प्रदर्शनाची वाट बघावी लागत नाही. ठाणे, नाशिक, पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये रानभाज्यांच्या दिवसांत, आषाढ-श्रावणात, शेवळी, टाकळा, कुर्डू हातोहात खपतात. त्याच टोपलीत पीठ आणि पापडही ठेवावेत.

आदिवासींचा माल विकणाऱ्या ट्रायफेड या सरकारी संस्थेची ‘ट्राइब्स इंडिया’ दुकानं आणि वनधन विकास केंद्रं हाही एक रस्ता आहे. एका वनधन केंद्रात पंधरा गट, सुमारे तीनशे सभासद आणि १५ लाखांपर्यंत निधी, अशी २०१८ साली सुरू झालेल्या योजनेची आखणी. कागदावर ती उत्तम आहे. प्रत्यक्षात काही केंद्रं धडधडीत चालतात आणि काहींचा फक्त फलक उरला आहे. तुमच्या भागातलं केंद्र जाऊन बघा आणि त्यांना विचारा, मागच्या वर्षी कुणाचा माल, कुठल्या भावाने घेतला? उत्तर चटकन आलं तर सभासद व्हा.

चित्रं काढणाऱ्या मुलींसाठी वेगळं सांगते. वारली चौक लिहिणं मुळात सवाशिणींचं काम. लग्नाच्या घरात, गेरूच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने. कागदावर उतरून ही कला बाजारात आली आणि नाव झालं ते बहुतेक पुरुषांचं. जिव्या सोमा मशे थोरच, त्यांच्याबद्दल दुमत नाही, पण चौक पुजणाऱ्या बायकांची नावं कुणाला ठाऊक आहेत? म्हणून चित्राखाली आपलं नाव घाला. पूर्ण नाव, गावासकट. वारली चित्रांना २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या ‘अधिकृत वापरकर्ता’ यादीत स्वतःची नोंद करा, त्याची फी नाममात्र आहे. कपड्याची किंवा कपांची कंपनी चित्र मागायला आली तर विचारा, एकदाच छापणार की कायम? किती नग? “तुमची प्रसिद्धी होईल” हा मोबदला नाही. करार वाचून दाखवायला एखाद्या ओळखीच्या वकिलाला किंवा शिक्षकाला सोबत घ्या. मूळ चित्राचा नीट फोटो तारखेसकट आपल्याकडे ठेवा.

घर

राहिलं घर. पैसे कुणाच्या खात्यात येतात, यावरून भांडणं होतात, हे आपल्यात लपवायचं कारण नाही. धंद्याचं खातं वेगळं आणि तुमच्या नावाचं असू द्या. यूपीआयचा क्यूआर कोडही त्याच खात्याला जोडा, नवऱ्याच्या मोबाइलला नको. रेंज फक्त टेकडीवर येत असेल तर संध्याकाळी एकदा वर जाऊन पैसे जमा झाल्याची खात्री करून या. घरखर्चाला किती द्यायचं ते तुम्ही ठरवा आणि दर महिन्याला तेवढेच द्या. मग उरलेला पैसा कुठे गेला याचा जाब रोज द्यावा लागत नाही.

सासू सोबत असेल तर निम्मं काम होतं. कोयतीने बांबू कसा फोडावा, हिरडा कोणत्या दिवसांत बाळहिरडा म्हणून तोडायचा, भगर किती वेळा सडायची, हे तिला येतं. तिच्या कामाचे दिवसही वहीत लिहा आणि तिला तिचे पैसे तिच्या हातात द्या.

स्थलांतरावर जाणाऱ्या कातकरी बहिणींना माझ्याकडे सोपा उपाय नाही. भट्टीची उचल घेतली की सहा महिने बांधले गेले. पण गटातल्या दोघी-तिघी जरी गावात राहिल्या, त्यांनी गुळवेल, डिंक, मध असा निवडक माल चालू ठेवला, तर खातं जिवंत राहतं. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासाठी २०२३च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत वनधन केंद्रांचीही तरतूद आहे. प्रकल्प कार्यालयात त्याची चौकशी करा, आणि एकट्या जाऊ नका. पाचजणी मिळून जा.

येत्या बाजाराच्या आदल्या रात्री माल घरीच तोला. वजन लिहा, त्याखाली त्या मालाला तुमचे किती दिवस लागले ते लिहा, आणि मग भाव सांगायला निघा.